ठिकाण कुठे, काळ कुठे?

‘प्राचीन भारतीयांचा डीएनए असं सिद्ध करतो की…’ तुमच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा निबंध या शब्दांनी सुरू होतो. मी ते प्रत्येक ठिकाणी लाल शाईने खोडले आहेत आणि समासात एकच प्रश्न लिहिला आहे: कुठला माणूस, कधीचा? पुरातत्त्वाच्या एम.ए.ला बसलेल्या मुलांना हा प्रश्न विचारावा लागतो याचा मला राग आला आहे आणि आज मी तो गिळणार नाही. खापराचा तुकडा सापडला की स्थळ, ट्रेंचचा क्रमांक, थर आणि खोली लिहिल्याशिवाय तुम्ही पिशवीचं तोंड बांधत नाही. चिठ्ठी हरवलेलं खापर अभ्यासाला निकामी, हे पहिल्या सत्रात पाठ करून घेतलं होतं. मग माणसाच्या हाडातून निघालेल्या माहितीवरची चिठ्ठी तुम्ही स्वतःच्या हाताने फाडून कशी टाकता? तिथे खापरापेक्षा जास्त जपायला हवं होतं, कारण त्या माहितीवर आज घराघरांत भांडणं होतात.

वर्गात दोन तट पडलेले मला दिसतात. एक तट राखीगढीचं नाव घेऊन म्हणतो, बाहेरून कोणी आलंच नाही. दुसरा स्वातच्या खोऱ्याचं नाव घेऊन म्हणतो, सगळे बाहेरूनच आले. दोन्ही तटांनी एकमेकांना खोडून काढायला पानंच्या पानं लिहिली आहेत. चूक मात्र दोघांची एकच आहे. एका जागेचा, एका काळाचा निकाल उचलायचा आणि तो काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, पाच हजार वर्षांवर पसरायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला! तुमचं मत कुठलं आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. तुम्ही तिथवर कसे पोहोचलात, ते मी तपासते.

आधी राखीगढी घेऊ. हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातलं हे हडप्पाकालीन नगर. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथल्या दफनभूमीत काम केलं. साठाहून अधिक नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या एकाच व्यक्तीच्या हाडात वाचण्याजोगा डीएनए उरलेला निघाला. ती एक बाई होती. तिचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेच्या नोंदीत ती ‘आय ६११३’ आहे. अशा अभ्यासात जनुकसंचातल्या साधारण बारा लाख जागा पाहतात. तिच्या बाबतीत, त्याच हाडाच्या भुकटीवर पुन्हा पुन्हा प्रक्रिया करूनही, सुमारे ३१ हजार जागाच वाचता आल्या. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तो निकाल आला. तिच्यात दोन वारसे मिसळलेले होते. एक दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी-संकलकांचा, ज्यांचं आज जिवंत असलेलं दूरचं नातं अंदमानच्या लोकांशी जुळतं. दुसरा प्राचीन इराणच्या लोकांशी नातं सांगणारा; पण ही शाखा त्यांच्यापासून बारा हजार वर्षांहून आधीच, म्हणजे शेती सुरू होण्यापूर्वीच फुटलेली होती. स्टेपच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता.

यातून काय शिकायचं होतं? इराणातल्या शेतकऱ्यांनी लोंढ्याने येऊन इथे शेती आणली, या जुन्या समजुतीला या निकालाने धक्का दिला. ही केवढी मोठी गोष्ट आहे! तुमच्यातल्या फक्त दोघांनी ती लिहिली. बाकीच्यांनी ‘स्टेप नाही’ हे दोन शब्द पकडले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात. अरे, ही बाई इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात जगली आणि मेली. स्टेपचा अंश दक्षिण आशियात यायचा काळ अभ्यासक इ.स.पू. २००० ते १५०० असा मांडतात. तिला पुरल्यानंतर काही शतकांनी जे घडलं, त्याची साक्ष तिने कशी द्यायची? आणि तिच्या काळात तिच्या गावात ज्याचा अंश नव्हता, तो पुढे कधी कुठेच आला नाही, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं?

शितावरून भाताची परीक्षा करावी असं एकाने मला वर्गातच ऐकवलं. त्याचं उत्तर आज देते. शितावरून भात कळतो, कारण एका पातेल्यातलं सगळं पाणी आणि सगळी आच एक असते. सिंधू संस्कृती हे एक पातेलं नव्हतं. अफगाणिस्तानात आमू दर्याजवळचं शोर्तुगाई, सिंधमधलं मोहेंजोदडो, कच्छमधलं धोळावीरा, हरियाणातलं राखीगढी यांची वजनं-मापं आणि मुद्रा सारख्या असतील. पण तिथल्या माणसांच्या वारशाचं प्रमाण सारखं होतं असं गृहीत धरायला तुमच्याकडे आधार नाही. जो थोडा पुरावा आहे तो उलट बाजूचा आहे. तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणच्या पूर्वेचं शहर-ए-सोख्ता या दोन ठिकाणी मिळून अकरा माणसं अशी सापडली की त्यांचा वारसा आसपासच्या लोकांशी जुळत नव्हता आणि राखीगढीच्या बाईशी जुळत होता. सिंधूच्या प्रदेशातून तिकडे गेलेली ही माणसं असावीत असा निष्कर्ष निघाला; या नगरांचा सिंधूशी व्यापार होता हे तर आपण खापरांवरून आणि मण्यांवरून आधीच जाणतो. आता या अकरा जणांकडेच पाहा. शिकारी-संकलकांचा अंश कोणात थोडका, तर कोणात निम्म्याच्या घरात. एका संस्कृतीच्या परिघातली अकरा माणसं, आणि त्यांच्यात एवढी तफावत! हा मुद्दा तुमच्या निबंधाचा कणा व्हायला हवा होता. तुम्ही त्या अकरा जणांची सरासरी काढून मोकळे झालात.

आता दुसरा तट. स्वात हे आजच्या पाकिस्तानातलं डोंगरी खोरं. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी गेल्या शतकात काटेलाई, लोएबानर, बुटकारा इथल्या दफनभूमी खणल्या आणि तिथल्या हाडांमुळे आपल्याला इ.स.पू. १२०० च्या आसपासपासून पुढची माणसं मोठ्या संख्येने तपासता आली. वाघीश नरसिंहन, डेव्हिड राइख आणि शंभराहून अधिक सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला २०१९ चा निबंध मी तुम्हाला वाचायला दिला होता. त्यात ५२३ प्राचीन व्यक्तींची नवी माहिती आहे. स्वातच्या लोकांत स्टेपचा अंश आहे, हे तुम्ही बरोबर टिपलं. पण पुढचं पान उलटलं का? तिथल्या ४४ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांपैकी स्टेपच्या पुरुषांमध्ये सर्रास दिसणारा प्रकार जेमतेम पाच टक्के आहे; एकूण जनुकसंचात मात्र स्टेपचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे त्या खोऱ्यात हा अंश बापांपेक्षा आयांकडून जास्त आला. उपखंडातल्या आजच्या अनेक समूहांत नेमकं उलट दिसतं, तिथे पुरुषांच्या बाजूचा वाटा जड आहे. एकच वारसा एका खोऱ्यात एका वाटेने शिरला आणि मैदानात दुसऱ्या वाटेने. ‘घोड्यावर बसून आलेल्या योद्ध्यांनी स्वात जिंकलं’ असं तुमच्यातल्या एकीने लिहिलं आहे. कशावरून? घोडा कुठल्या कोष्टकात सापडला तुला? ज्या खोऱ्याचा आकडा तुझ्या कहाणीच्या विरोधात जातो, त्याच खोऱ्याचं नाव तू पुरावा म्हणून दिलंस.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणाच्याही नजरेला पडली नाही. मध्य आशियातल्या ऑक्सस संस्कृतीची गोनूरसारखी मोठी नगरं स्टेप आणि सिंधू यांच्या मधोमध होती. स्टेपचे लोक त्या टापूतून किंवा त्याला वळसा घालून दक्षिणेकडे सरकले. तरीही त्या नगरवासीयांचा स्वतःचा वारसा पुढच्या दक्षिण आशियाई लोकांत फारसा उतरलेला दिसत नाही. नकाशावर मधे आहे म्हणून वंशावळीतही मधे असणार, हे तुम्ही कसं ठरवता?

दक्षिण आणि पूर्व तुम्ही तर वगळूनच टाकली. उपखंड विंध्यापाशी संपतो का? उत्तरेत सिंधूच्या परिघातल्या लोकांत स्टेपचा अंश मिसळत होता, त्याच सुमारास दक्षिणेकडे तसल्याच लोकांचं मिश्रण तिथल्या शिकारी-संकलकांशी होत होतं. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले थंगराज आणि लालजी सिंग यांनी राइख यांच्याबरोबर जे दोन मोठे प्रवाह मांडले, त्यांतला दक्षिणेचा प्रवाह असा घडला. म्हणजे दक्षिणेचा प्रवाहसुद्धा मिश्रच आहे. ‘मूळचे शुद्ध दाक्षिणात्य’ हा तुमचा लाडका शब्दप्रयोग म्हणूनच खोडला आहे. पूर्वेकडे चित्र आणखी वेगळं. ओडिशातल्या जुआंगांसारख्या मुंडाभाषक समूहांत आग्नेय आशियाचा वारसा आहे आणि त्याच्या जोडीला स्थानिक शिकारी-संकलकांचा जास्तीचा वाटा आहे. आपल्या मेळघाटातले कोरकू मुंडा कुळातली भाषा बोलतात, हे एका मुलाला आठवलं. ते पाहून मला आनंद झाला. पण पुढच्याच ओळीत त्याने जुआंगांचे आकडे उचलून कोरकूंच्या नावावर चढवले. का? भाषेचं कूळ एक म्हणून रक्ताचं प्रमाणही एक? माहिती ओडिशाची आहे, तिथेच राहू दे.

भाषा आणि वारसा यांची गाठ मारायची घाई झाली असेल, तर स्पेनकडे पाहा. आयबेरियन द्वीपकल्पात इ.स.पू. २००० पर्यंत स्टेपकडून आलेल्या वारशाने जुन्या लोकांच्या जनुकांपैकी चाळीस टक्के जागा घेतली होती आणि पुरुषांच्या वंशरेषा तर जवळजवळ सगळ्याच बदलल्या होत्या. त्याच भूमीत बास्क लोक आजही इंडो-युरोपीय नसलेली भाषा बोलतात, आणि त्यांच्यातही तो स्टेपचा वारसा भरपूर आहे. हाडं बोलीभाषा सांगत नाहीत. भाषेच्या वाटचालीला भाषेचाच पुरावा लागतो. तो असेल तर आणा, दोन्ही शेजारी ठेवून मोजू.

युरोपचा विषय निघालाच आहे, तर ‘स्टेपवाल्यांनी युरोप पुसून टाकला’ या वाक्याचाही हिशेब करून टाकते. कुठला युरोप? ब्रिटनमध्ये इ.स.पू. २४५० नंतरच्या काही शतकांत सुमारे नव्वद टक्के वारसा बदलला. स्टोनहेंजचे मोठे दगड उभारणाऱ्यांचे वंशज तिथे फार थोडे उरले. आयबेरियात चाळीस टक्के, हे आत्ताच सांगितलं. सार्डिनिया बेटावर त्या काळात जवळजवळ काहीच नाही. तिथे अनातोलियातून आलेल्या पहिल्या शेतकऱ्यांचा वारसा नुरागी संस्कृतीच्या अखेरीपर्यंत टिकला. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला ओत्झी, जो इ.स.पू. ३३०० च्या सुमारास मेला, तो आजच्या युरोपियनांत सार्डिनियाच्या लोकांना सर्वांत जवळचा आहे, ते याचमुळे. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर तर बाहेरून आलेल्या बायकांचा वाटा मोठा आणि स्थानिक पुरुषांच्या वंशरेषा मात्र टिकून, असा वेगळाच प्रकार. एकाच खंडात, काही शतकांच्या अंतराने, इतकी चित्रं. त्या सगळ्यांवर एक वाक्य फिरवणं म्हणजे संशोधकांची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात घालणं.

त्यातही घंटेच्या आकाराच्या पेल्यांची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ हवी. ती मडकी आयबेरियातही सापडतात आणि मध्य युरोप, ब्रिटनमध्येही. मागची पिढी वाद घालत होती, की मडकी फिरली की माणसं फिरली? २०१८ साली चारशे प्राचीन युरोपियनांचा अभ्यास आला आणि उत्तर जागेगणिक वेगळं निघालं. आयबेरियात ते पेले वापरणाऱ्या माणसांचं मध्य युरोपातल्या पेलेवाल्यांशी जनुकीय नातं फार थोडं होतं, म्हणजे तिथे रीत पसरली. ब्रिटनमध्ये मात्र पेल्यांबरोबर माणसं आली. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. तुम्हाला असं उत्तर आवडत नाही, कारण त्याच्यावर टाळ्या पडत नाहीत. पण खरं ते तसं आहे.

आणि ज्याला वाटतं की निदान एका खड्ड्यातली हाडं तरी एकाच लोकांची असणार, त्याने रूपकुंड वाचावं. उत्तराखंडात पाच हजार मीटरांहून उंचावरचं ते छोटं तळं, काठाला आणि पाण्यात शेकडो माणसांची हाडं. एक यात्रा, एक गारपीट, सगळे एकदम मेले, अशी कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. २०१९ मध्ये ३८ व्यक्तींचा निकाल आला. २३ जण दक्षिण आशियाई, आणि तेसुद्धा एका समूहाचे नव्हेत. शिवाय सगळे एकाच वेळी मेलेलेही नव्हेत, त्यांचा काळ साधारण सातव्या ते दहाव्या शतकातला. १४ जणांचा वारसा पूर्व भूमध्य सागराकडचा, आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांजवळचा, आणि ते मेले तब्बल हजार वर्षांनी, इ.स. १८०० च्या सुमारास. एक जण आग्नेय आशियाई. हाडांतल्या समस्थानिकांवरून त्यांचा आहारही वेगवेगळा निघाला. भूमध्य सागराकडची ती माणसं हिमालयात कशाला चढली, हे आजही कोडं आहे. एका तळ्याच्या काठी इतकं आहे आणि तुम्ही अख्ख्या देशाचं एका ओळीत उरकता!

आता टक्केवारीबद्दल, थोडक्यात, कारण हे मी दोनदा शिकवलं आहे. ‘वीस टक्के स्टेप’ हा आकडा हाडावर लिहिलेला नसतो. अभ्यासक काही प्राचीन समूह स्रोत म्हणून निवडतात आणि त्यांच्या मिश्रणातून समोरचा माणूस समजावता येतो का, ते गणिताने तपासतात. स्रोत बदलले की आकडा हलतो. आकड्याबरोबर मर्यादाही छापलेल्या असतात. त्या गाळून आकडा लिहिणं ही अप्रामाणिकता आहे, मग ती आळसाने झालेली का असेना. दुसरं, डीएनए थंडीत टिकतो आणि उष्ण, दमट हवेत नासतो. म्हणून उत्तर युरोपचे नमुने खंडीभर आणि आपले मोजके. कानाच्या आतल्या भागाला वेढणाऱ्या टणक हाडात तो सर्वांत चांगला राहतो हे गेल्या दशकात कळलं, तेव्हा कुठे राखीगढीसारख्या ठिकाणाहून एक तरी निकाल हाती लागला. नकाशावर दाट ठिपके दिसतात तिथे माणसं जास्त होती असं नाही, तिथे हाडं टिकली आणि पैसा खर्च झाला. मोकळी जागा दिसली की शेजारचा रंग ओढून भरायचा, ही सवय मोडा.

एकाने शेवटच्या पानावर स्वतःच्या जातीचं नाव लिहून पुढे ‘आमच्यात स्टेप जास्त’ असं अभिमानाने लिहिलं आहे. त्याला मी उभं करणार नाही. पण त्याने नीट ऐकावं. प्रिया मुरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडात सर्वदूर मिश्रण झालं आणि नंतर जातीजातींत लग्नं कोंडली गेली. तुझ्यात, माझ्यात, गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं त्यांच्यात, तेच वारसे आहेत. उत्तर-दक्षिण आणि समूहासमूहानुसार प्रमाण कमीजास्त. त्या प्रमाणावर मान ताठ करायची असेल तर हा विषय सोड, दुसरा घे. मी हे रागाने सांगत नाही, काळजीने सांगते. कवट्या मोजून माणसांना वरखाली लावणारी विद्या हाडांच्या अशाच अभ्यासाने जगाला दिली होती. तिचे परिणाम काय झाले ते तुम्ही इतिहासात वाचलं आहे. माझ्या वर्गातून ती पुन्हा बाहेर पडणार नाही.

शेवटी इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंत शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं. घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले, आत लहान मूल. मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय तोडून मग पुरलेलं. एक चाळिशीचा पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत. तुमच्यातल्या तिघांनी या मुलांना ‘राखीगढीच्या बाईचे वारसदार’ म्हटलं आहे. ती बाई तिथून सुमारे बाराशे किलोमीटर दूर होती आणि पहिला कुंभ पुरला गेला तेव्हा तिला जाऊन कित्येक शतकं झाली होती. तिचा निकाल तिच्यापाशी ठेवा.

पुढच्या महिन्यापासून तुमच्यातल्या काहींना हाडांच्या साठ्यात काम करायचं आहे, तसे अर्ज माझ्याकडे आले आहेत. कानाजवळचं ते हाड एकदा भुकटी केलं की परत मिळत नाही. म्हणून प्रत्येकाने आधी इनामगावचा उत्खनन-अहवाल पूर्ण वाचावा आणि मला तोंडी सांगावं: कोणतं दफन, कोणत्या घराखाली, कोणत्या थरात, माळवा काळातलं की जोर्वे काळातलं, आणि त्या एका व्यक्तीला विचारायचा तुमचा प्रश्न नेमका कोणता. ज्याला हे सांगता येणार नाही, त्याच्यासाठी मी पेटीचं कुलूप काढणार नाही.